पेठेतले दुसरे घर आणि भाड्याचा हिशेब

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके जुन्या पुण्याच्या ऐन मध्यावर उघडली. वाड्यांचा पुनर्विकास त्याआधीही चालूच होता; पण मेट्रो आल्यानंतर नारायण, शनिवार, सदाशिव, शुक्रवार या पेठांतल्या नव्या इमारतींकडे पाहण्याची नजर बदलली. ज्यांचे आईवडील पेठ सोडून कोथरूडला, सहकारनगरला किंवा सिंहगड रस्त्याला राहायला गेले, तीच चाळिशी-पन्नाशीतली माणसे आता पेठेत एखादा वन बीएचके घेऊन तो भाड्याने द्यावा, असा विचार करू लागली आहेत. ‘राहायला नको, पण घेऊन ठेवायला बरे,’ असे त्यांच्यापैकी पुष्कळ जण म्हणतात. घेऊन ठेवण्याच्या या कल्पनेविषयीच मला काही मांडायचे आहे.

पेठेत भाड्याने देण्यासाठी घर घेणे हा रास्त व्यवहार आहे आणि शहराला अशा घरांची गरजही आहे, असे माझे मत आहे. मात्र हा व्यवहार भाड्याच्या उत्पन्नावर बेतलेला असला पाहिजे. किंमत वाढेल एवढ्याच भरवशावर घर घेतले, की मालकाला भाडेकरूची अडचण वाटू लागते. मग घराला कुलूप लागते, किंवा जास्तीत जास्त खाटा मांडून त्याची रया घालवली जाते, आणि पेठेचे पुनरुज्जीवन इमारतींच्या दर्शनी भिंतींपुरते उरते. भाड्यावर हिशेब बसवणाऱ्या मालकाला मात्र टिकून राहणारे कुटुंब लागते आणि पेठेलाही तेच हवे असते. महापालिकेचे आणि राज्याचे धोरण सध्या या मालकाच्या बाजूने उभे नाही.

पेठांची पडझड का झाली, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधली असंख्य घरे वाहून गेली, हे सर्वांना आठवते. पण जी घरे पुरातून वाचली, त्यांची हलाखी पाण्याने झाली नाही, ती भाड्याच्या कायद्याने झाली. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूंचे रक्षण करण्यासाठी आला, आणि तेव्हा तो आवश्यकच होता. त्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० या दिवसाशी जखडले आणि पुढची पन्नास वर्षे ते बहुतांशी तिथेच राहिले. ज्या वाड्यात वीस-पंचवीस बिऱ्हाडे महिना वीस-तीस रुपये भाडे देत होती, त्या वाड्याचा मालक कौले चाळू शकत नव्हता की वाळवी लागलेली तुळई बदलू शकत नव्हता. आणि भाडेकरू आपली पुंजी दुसऱ्याच्या भिंतीत घालायला तयार नव्हता. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असे म्हटले, त्यानंतर राज्याने १९९९चा नवा कायदा केला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरवर्षी चार टक्के वाढ मिळाली. तीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे. तोवर पुष्कळ वाडे दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या ज्या नोटिसा लागतात, त्यांच्यामागे एवढा इतिहास आहे.

या इतिहासाने पुण्याच्या घरमालकाच्या मनात एक भीती कायमची बसवली. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीला जे लोक परवानगी-करारावर, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते, त्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. काल अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस आज पिढ्यान्पिढ्यांचा हक्कदार झाला, असा धसका त्या वेळच्या मालकांनी घेतला आणि तो मुलांकडे, नातवंडांकडे वारशाने आला. ‘घर एकदा दिले की गेले’ हे वाक्य अजूनही ऐकू येते ते त्यामुळेच. वास्तविक १९९९च्या कायद्याने हा प्रश्न पुष्कळसा सोडवला आहे. मुदत संपल्यावर लायसन्सवर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्काची भरपाई मागता येते. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे मात्र आवश्यक आहे. ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. ज्याने करार नीट नोंदवला आहे, त्याला पूर्वीसारखे भिण्याचे कारण उरलेले नाही, आणि तरीही केवळ त्या जुन्या भीतीपोटी कितीतरी घरे बंद राहतात.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. समजा, नारायण पेठेत नव्या इमारतीतला वन बीएचके नव्वद लाखांना मिळतो आणि त्याला महिना पंचवीस हजार भाडे येते. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा एक टक्का अधिभार धरून सात टक्के आहे, म्हणजे सहा लाख तीस हजार, आणि नोंदणीचे तीस हजार. घर पडले शहाण्णव लाख साठ हजारांना. वर्षाचे भाडे तीन लाख. त्यातून भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना, एजंटची एका महिन्याची दलाली, सोसायटीचा मेंटेनन्स तीस हजार, मिळकत कर वीस हजार आणि रंगरंगोटी, नळ-गळतीचे पंधरा हजार वजा केले, तर हातात एक लाख पंच्याऐंशी हजार उरतात. हे गुंतवलेल्या रकमेच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. बँकेतली साधी मुदत ठेव याहून अधिक देते. यातच साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले असेल, तर मासिक हप्ता बावन्न हजारांच्या घरात जातो. म्हणजे भाड्यातून निम्मा हप्तासुद्धा सुटत नाही. भाड्याच्या घराच्या कर्जावरील व्याजाने होणारा तोटा पगारातून वजा करून कर वाचवण्याची जी सोय जुन्या पद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंत आहे, ती नव्या करपद्धतीत नाही, हेही पुष्कळांना हप्ते सुरू झाल्यावर कळते.

एवढा तुटपुंजा परतावा असूनही लोक घर घेतात, कारण त्यांचा खरा हिशेब किंमतवाढीचा असतो. मेट्रो आली, वाडे जाऊन इमारती येत आहेत, पेठेत जमीन वाढणार नाही, तेव्हा भाव वाढतीलच, अशी ही मांडणी असते. ती सरसकट चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण तिचाही आकडा मांडून पाहावा. वर्षाला पाच टक्क्यांनी किंमत वाढली, तर नव्वद लाखांचे घर दहा वर्षांनी साधारण एक कोटी शेहेचाळीस लाख साठ हजारांचे होते. मूळ खर्चावर नफा पन्नास लाख. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराच्या विक्रीवर महागाईचा निर्देशांक लावून खरेदी किंमत वाढवून घेण्याची सवलत राहिलेली नाही. साडेबारा टक्क्यांनी सव्वासहा लाख कर भरावा लागतो. दरम्यान महागाईही पाचच टक्क्यांनी वाढली असेल, तर खऱ्या अर्थाने काही कमावले नाही आणि कर मात्र गेला. मेट्रोचा परिणाम किमतींमध्ये स्थानक उघडण्याच्या कितीतरी आधी मिसळलेला असतो. खड्डे खणायला सुरुवात होते तेव्हापासून विक्रेता त्याचे पैसे मागतो. आज घेणारा माणूस तो फायदा मिळवत नाही, त्याची किंमत चुकती करतो.

याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले, तर वेगळी वाट दिसते. वर धरलेल्या खर्चातले पन्नास हजार, म्हणजे रिकामा महिना आणि दलाली, हे भाडेकरू दरवर्षी बदलतो म्हणून जातात. एकच कुटुंब तीन वर्षे राहिले, तर वर्षाला सुमारे तेहेतीस हजार वाचतात आणि निव्वळ उत्पन्न दोन लाख अठरा हजारांवर जाते. पहिल्यापेक्षा ही जवळजवळ अठरा टक्क्यांची वाढ आहे, आणि ती मालकाने एक रुपयाही भाडे न वाढवता मिळते. याच उत्पन्नावर निदान तीन टक्के सुटावेत अशी अट मी स्वतःला घातली, तर घराचा सगळा खर्च त्र्याहत्तर लाखांच्या पुढे जाता कामा नये. मुद्रांक आणि नोंदणी वजा जाता घराची किंमत अडुसष्ट लाखांच्या आसपास बसते. नव्वद लाख आणि अडुसष्ट लाख यांतला फरक हा निव्वळ आशेचा भाव आहे. तो द्यायचा की नाही, हे प्रत्येकाने ठरवावे. पण आपण तो देत आहोत, हे तरी सही करण्यापूर्वी समजलेले असावे. अडुसष्ट लाखांत नारायण पेठेतल्या नव्या इमारतीत घर मिळणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतले, लिफ्ट नसलेले पण कागदपत्रे चोख असलेले घर पाहावे, किंवा नाना, गंज, सोमवार, रास्ता या पेठांकडे वळावे. पुण्यात ‘पेठा’ म्हटले की बोलणारा बहुधा लक्ष्मी रस्त्याच्या पश्चिम टोकाकडच्या चार पेठांविषयीच बोलत असतो. पूर्वेकडच्या पेठांत भाड्याने राहणारी माणसे अधिक आहेत, त्यांची नोकरी-व्यवसायाची ठिकाणे जवळ आहेत आणि त्यांना चांगल्या घरांची निकड जास्त आहे.

कागदपत्रांचा विषय निघाला आहे, तर त्यावर जरा थांबणे भाग आहे, कारण पेठेतल्या घरामागे दुसऱ्या कोणाचे तरी घर असते. वाड्याचा पुनर्विकास मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांच्या करारातून होतो. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा दिल्यावर, प्रोत्साहनपर एफएसआयमधून, म्हणजे भूखंडावर मिळणाऱ्या जादा बांधकामाच्या मुभेतून, जे उरते, ते विक्रीला येते, आणि आपण घेतो ते घर या विक्रीच्या हिश्श्यातले असते. त्यामुळे जुन्या भाडेकरूंचे पुनर्वसन झाले आहे की नाही, हा प्रश्न माणुसकीचा आहेच, पण खरेदीदाराच्या मालकीहक्काचाही आहे. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. ज्या वाड्यातले दोन-तीन भाडेकरू करारात आलेलेच नाहीत, ज्यांना पर्यायी जागेचे भाडे वर्षानुवर्षे थकवून कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावले आहे, त्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या घरात गुंतवलेले पैसे सुरक्षित नाहीत. मी तर म्हणेन, की पेठेत घर घेणाऱ्याने शीर्षक तपासणीच्या अहवालाबरोबर प्रत्येक भाडेकरूचा नोंदणीकृत करार मागावा, आणि शक्य झाल्यास त्यांच्यापैकी एखाद्याला प्रत्यक्ष जाऊन भेटावे. बिल्डरला हे आवडणार नाही. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडून न घेतलेलेच बरे.

महारेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, संरक्षण येथे गृहीत धरता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. १ मे २०१७ पासून प्रकल्पांची नोंदणी बंधनकारक झाली. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. पेठांमधले भूखंड अरुंद आणि खोल, एकेका वाड्याचे. त्यांतले पुष्कळसे या मर्यादेत बसतात. ज्या भागात भाडेकरू, भाऊबंदकी आणि जुने गहाणखत यांमुळे धोका सर्वांत अधिक, त्याच भागात कायद्याची छत्री सर्वांत तोकडी पडते. पुनर्विकासाच्या प्रकल्पांपुरती तरी ही मर्यादा काढून टाकावी, अशी मागणी पुण्याच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी. शनिवारवाड्याच्या आसपासचा प्रश्न आणखी वेगळा आहे. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असल्याने २०१०च्या दुरुस्तीनंतर त्याच्यापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. पहिल्या शंभर मीटरांच्या पट्ट्यातल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांत ‘पुढे कधीतरी पुनर्विकास होईल’ या आशेवर कोणी खोल्या घेत असेल, तर त्याने ती आशा सोडलेली बरी.

पेठेत भाड्याने कोण राहते? अध्यापक, परिचारिका, लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत काम करणारे, रुग्णालयात उपचारांसाठी येऊन काही महिने राहणारी कुटुंबे, आणि सर्वांत मोठ्या संख्येने स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शास्त्री रस्त्याचा परिसर या मुलांवर चालतो: अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकाने, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, रात्री उशिरापर्यंत चालणारे चहाचे गाडे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या या मुलांनी पेठांना गेली वीस-पंचवीस वर्षे जागते ठेवले आहे, आणि तरीही त्यांच्या वाट्याला येते ती ‘कॉट बेसिस’ची खोली. पंचवीस हजारांच्या घरात सहा खाटा टाकल्या आणि खाटेला पाच हजार घेतले, तर महिन्याचे तीस हजार होतात. आठ टाकल्या तर चाळीस. मोह पडतो तो इथे. पण एका संडासावर आठ माणसे, एका टाकीवर दुप्पट पाणी, जिन्यात लावलेल्या दुचाकी आणि आग लागली तर बाहेर पडायला एकच अरुंद वाट, हे सारे त्या चाळीस हजारांत धरलेले नसते. घराची झीज होते, शेजाऱ्यांशी भांडणे होतात, आणि मग सोसायटी ‘बॅचलर नकोत’ असा ठराव करून मोकळी होते. दोष गर्दी करणाऱ्या मालकाचा आणि शिक्षा मुलांना, असा हा प्रकार आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. शिवाय हे उत्पन्न दिसते तितके पक्केही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, मुले गावी परतली आणि खोल्या, मेस, अभ्यासिका एकदम ओस पडल्या. ज्यांचे हप्ते खाटांच्या पैशांवर चालू होते, त्यांचे हाल झाले. दोन किंवा तीन विद्यार्थ्यांना, प्रत्येकाच्या नावासह नोंदणीकृत करार करून, माणसासारखे राहता येईल अशी जागा देणे यात मालकाचे उत्पन्न थोडे कमी होते, परंतु ते टिकते.

अकरा महिन्यांच्या कराराचेही असेच आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची पद्धत पडली. पण १९९९च्या कायद्याने महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक केली, आणि त्यामुळे अकरा महिन्यांमागचे कारणच संपले. साठ महिन्यांपर्यंतचा लायसन्स करार करता येतो आणि मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का इतकेच असते. तरीही सगळे शहर अकरा महिन्यांवरच चालते. दर अकरा महिन्यांनी एखाद्या कुटुंबाला नवे घर, नवे डिपॉझिट, नवी दलाली, मुलांच्या शाळेची नवी रिक्षा शोधायला लावणारे शहर आपल्याच माणसांना उपरे करून ठेवते. ज्याला पुढच्या वर्षी येथे असेन की नाही हे माहीत नाही, तो वाड्याच्या जागी आलेल्या इमारतीत गणपतीची वर्गणी देईल, पण कचऱ्याच्या प्रश्नावर क्षेत्रीय कार्यालयात जाणार नाही. तीन वर्षांचा करार, दरवर्षी ठरलेली पाच टक्के वाढ, मध्येच सोडायचे झाल्यास दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची सूचना: एवढे लिहिले तरी दोघांचेही भागते. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित ठेवले आहे. कायद्याची वाट न पाहता मालकाने तेही स्वतःहून पाळायला हरकत नाही.

सोसायट्यांबद्दल एवढेच म्हणतो, की त्यांनी आपली मर्यादा ओळखावी. आदर्श उपविधींनुसार घर लायसन्सवर देताना सभासदाने सोसायटीला आधी कळवायचे असते; परवानगी मागायची नसते. बिनवापर शुल्कही, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते जादा शुल्कही, २००१च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. भाडेकरूचे आडनाव विचारणे, जेवणात काय खातो ते विचारणे, एकट्या स्त्रीला घर नाकारणे हे कोणत्याही उपविधीत बसत नाही. पेठेतल्या नव्या इमारतींत हे जितके चालते, तितके पूर्वीच्या वाड्यांतही चालत असे, म्हणून ते आज क्षम्य ठरत नाही.

पुनरुज्जीवनाच्या चर्चेत जे लोक अनेकदा दिसतच नाहीत, त्यांच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे कारागीर, बुरुड आळीत बांबूच्या टोपल्या विणणारी कुटुंबे यांच्यासाठी घर आणि कारखाना एकच असतो. नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांत भट्टी पेटवता येत नाही आणि बांबू जिन्यातून वर नेता येत नाही. त्यांना मिळालेली सदनिका ते विकतात किंवा भाड्याने देतात आणि धायरी, कात्रज, लोहगावकडे निघून जातात. कागदावर त्यांचे पुनर्वसन झालेले असते, प्रत्यक्षात धंदा मोडलेला असतो. पुनर्विकासाच्या आराखड्यात तळमजल्यावर अशा कारागिरांसाठी वाजवी भाड्याच्या कामाच्या जागा राखून ठेवल्याशिवाय मंजुरी देऊ नये, आणि त्या जागांच्या बदल्यात लागेल तो एफएसआय द्यावा. गुंतवणूकदाराने असा गाळा घेऊन कारागिराला दीर्घ मुदतीने दिला, तर मला तो वन बीएचके घेण्यापेक्षाही अधिक शहाणपणाचा व्यवहार वाटतो, कारण असा भाडेकरू सहजी जागा सोडत नाही.

‘घर माझे, पैसा माझा; ते बंद ठेवीन नाहीतर काहीही करीन, तुम्ही विचारणारे कोण?’ असा आक्षेप यावर येईल, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मालकीहक्काचा मान राखलाच पाहिजे. पण पेठेतल्या घराची किंमत वाढते ती मालकाच्या कष्टाने नव्हे. ती मेट्रोने, रस्त्याने, जलवाहिनीने वाढते, आणि मेट्रोचा एक टक्का अधिभार मेट्रो ज्याच्या दारात कधी येणार नाही, अशा शहराच्या टोकाला घर घेणाऱ्यानेही भरलेला असतो. सगळ्यांनी मिळून निर्माण केलेली ही वाढ काही जणांनी कुलपाआड ठेवावी आणि स्थानकाच्या दारातली घरे रात्री अंधारात असावीत, यात शहराचा तोटा आहे. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने दाखवून दिले, की शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. घरे आहेत, माणसे आहेत, आणि त्या दोघांची गाठ पडत नाही.

ती पडावी म्हणून पुणे महापालिकेला स्वतःच्या अधिकारात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात चाळीस टक्क्यांची सवलत मिळते. १९७०पासून चालत आलेली ही सवलत मध्यंतरी बंद झाली, त्यावर शहरात मोठा असंतोष निर्माण झाला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने ती पुन्हा सुरू झाली. तिचा हेतू चांगला आहे. पण घर भाड्याने दिले की ती जाते. म्हणजे जो मालक आपले घर एखाद्या कुटुंबाला राहायला देतो, करार नोंदवतो, उत्पन्न जाहीर करून त्यावर प्राप्तिकर भरतो, तो महापालिकेच्या लेखी अधिक कर देण्यास पात्र ठरतो. आणि जो स्वतःच्या वापराचे म्हणून अर्ज भरून घर वर्षभर बंद ठेवतो, तो सवलतीचा लाभ घेऊ शकतो. याचा परिणाम म्हणून भाडेकरू ठेवणारे पुष्कळ लोक करार नोंदवतच नाहीत, पाहुणे राहतात असे सांगतात, आणि ज्या नोंदणीने मालक व भाडेकरू दोघांनाही संरक्षण मिळाले असते, तीच टाळली जाते.

ही सवलत मालक राहतो की नाही यापेक्षा घरात कोणीतरी राहते की नाही याला जोडावी. किमान तीन वर्षांचा नोंदणीकृत करार, दोन महिन्यांपेक्षा अधिक डिपॉझिट नाही, आणि खोल्यांच्या मानाने ठरवलेली माणसांची मर्यादा, या अटी पाळणाऱ्या भाड्याच्या घरालाही चाळीस टक्के सवलत मिळावी. वीज आणि पाण्याच्या वापरावरून जे घर वर्षभर बंद असल्याचे दिसते, त्याची सवलत काढून घ्यावी. नोंदणीकृत करारांची माहिती शासनाच्या नोंदणी विभागाकडे आहेच, वीजवापराची महावितरणकडे आहे, आणि मिळकत क्रमांक महापालिकेकडे; तिन्ही एकत्र आणण्यासाठी नवा कायदा लागत नाही. सुरुवात कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीपासून करता येईल, कारण सर्वाधिक वाडे तिथेच आहेत आणि भुयारी स्थानकेही. महापालिकेचे उत्पन्न काही प्रमाणात घटेल, असे अधिकारी सांगतील. आज नोंदणीअभावी दडून राहिलेली घरे उघड झाली आणि बंद घरांची सवलत थांबली, तर त्या घटीची बरीचशी भरपाई होईल. आणि जी उरेल, ती पेठेत माणसे राहती ठेवण्यावर झालेला खर्च म्हणून अंदाजपत्रकात दाखवायला महापालिकेने संकोचू नये.